एकतीस झाडं आणि एक ‘वं’

आमचे शेजारी वसंतभाऊ महाराजबागेतल्या झाडांची विचारपूस करतात. रोज सकाळी, एकेका बुंध्याला हात लावून: “बरा हायस काय गा?”

भाऊ कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी राहायला आले. एकटेच. सकाळी आम्ही सोबत बागेत जातो. ते ज्यांच्याशी बोलतात ती झाडं मी मोजली आहेत: एकतीस. तीस झाडांना ‘गा’. बाकाजवळच्या शिरीषाला मात्र, “बसली काय वं?”

मला चुकीचं ऐकवत नाही. मी म्हटलं, “भाऊ, चिंच स्त्रीलिंगी, तिला तुम्ही गड्यासारखं ‘गा’ म्हणता. शिरीष पुल्लिंगी, त्याला बाईसारखं ‘वं’. शिवाय झाड बसेल कसं?”

“तुह्यं व्याकरण तुह्यापाशी ठेव गा. झाडाले समजते.”

मागच्या महिन्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात भाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे त्यांचं बागेत जाणं बंद. आदल्या दिवशी त्यांना काळजी होती ती गुडघ्याची नव्हे. “तू तं रोज जातंच. माह्याकडून विचारत जाय. एकालेही सोडू नको.”

इकडेतिकडे बघत, कोणी ऐकत नाही याची खात्री करून, मी एकतीसही झाडांना विचारलं. संध्याकाळी दवाखान्यात हिशेब दिला. “सगळी झाली. चिंचांना ‘वं’ म्हटलं, शिरीषाला ‘गा’. आता लिंग बरोबर आहे.”

भाऊ उशीवरून अर्धे उठले.

“शिरीषाले ‘गा’ म्हटलं?”

“हो.”

“काहून गा? मी त्या झाडाले थोडीच म्हणतो. आमची कुसुम बसे तिथं, बाकावर. दम लागे तिले, चालणं होत नव्हतं. मी चक्कर मारून आलो का विचारो, बसली काय वं? कुसुम म्हणे, नाही, नाचून राहिली.” ते जरा हसले. “तिले जाऊन चार वर्षं झाली. एक दिवस खाडा नव्हता.”

आज पडला होता. माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तीस झाडं नेहमीच्या ‘गा’नं उरकली आणि शिरीषाजवळ थांबलो. ‘वं’ म्हणायचा हक्क माझा नव्हता. बाकाच्या एका टोकाला बसलो आणि म्हटलं, “वहिनी, बसलात का? भाऊंचा गुडघा ठीक आहे. काल माझी चूक झाली.”

संध्याकाळी भाऊंनी पहिलं तेच विचारलं. “काय म्हटलं तिले?”

“वहिनी म्हटलं. बसलात का, विचारलं.”

“मंग? काय म्हणे?”

मी खोटं सांगणारा माणूस नाही. चष्मा पुसला आणि म्हटलं,

“नाही म्हणाल्या. नाचून राहिली.”