डाव्या बाजूने येणारा आवाज

कमळाकर भोपींना आवाजातलं कळतं, हे सुकापुरात कोणालाही विचारा! निदान कमळाकर भोपींना तरी नक्की विचारा. जासईच्या यार्डात त्यांनी एकतीस वर्षं कंटेनर उचलायचं अजस्र मशीन चालवलं. कंटेनर जमिनीपासून वीतभर वर आला, की आतल्या खुडबुडीवरून ते सांगायचे, "फरशी हाय. वरच्या थरातली एक फुटलीय." कंटेनर उघडला की फरशीच निघायची. एकदा बटाटे निघाले होते, पण ते कोणाला सांगत नसत.

त्यामुळे त्यांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांची मुलगी दिपिका म्हणाली, "पप्पा, कोणीतरी जाणकार सोबत न्या," तर ते म्हणाले, "नेतोय की!" आणि एकटेच गेले.

गाडी हवी होती ती वेणूसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. माघात तिच्या छातीतली गाठ काढली होती. आता खारघरच्या एका हॉस्पिटलात रेडिएशन घ्यायचं होतं. वेणू त्याला 'लाइट' म्हणायची. पंचवीस लाइट, शनिवार-रविवार सोडून रोज एक, आणि मध्ये खाडा करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रिक्षाच्या धक्क्यांनी तिचे टाके ठणकायचे. ती बोलायची नाही. नुसती ओठ आवळून बसायची.

नवीन पनवेलला सुशांतसर म्हणून एक गणिताचे क्लास घेणारे गृहस्थ आपली नऊ वर्षांची चंदेरी गाडी विकत होते. कमळाकरांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, दोन मिनिटं तसेच उभे राहिले. सुशांतसरांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली!

"इंजिन एकदम निरोगी हाय," कमळाकर डोळे उघडून म्हणाले. "घेतली!"

पहिले दोन दिवस दिपिकाने रजा काढली. मायलेकी मागे बसल्या, कमळाकर पुढे राजासारखे. गाडीचा हूं नाही की चूं नाही. तिसऱ्या दिवशी दिपिका कामावर गेली आणि वेणू पुढे येऊन बसली. कळंबोलीचं सर्कल मागे पडलं, आणि डाव्या बाजूने, खालून कुठूनतरी, बारीक आवाज आला.

टिक. टिक-टिक. टिक.

"ऐकलंस?" कमळाकर म्हणाले.

वेणूने कान दिला. "येतोय खरा."

"कसला असंल?"

"मना काय ठावं? तुमाला कळतं ना आवाजातलं!"

कमळाकरांनी गाडी कडेला घेतली. आवाज बंद! गाडी सुरू केली. अर्धा मिनिट शांतता, मग पुन्हा टिक-टिक. कामोठ्याला वाढला, खारघरच्या वळणावर तर एखाद्या टायपिस्टला मागे लागून कोणी पत्र लिहून घेत असल्यासारखा सुरू झाला. आणि येताना? काही नाही! वेणू काचेला डोकं टेकून मेल्यासारखी झोपलेली, आणि गाडी तिच्याहून शांत.

"जाताना येतो, येताना नाय," कमळाकरांनी घरी आल्यावर दिपिकाला निकाल सांगितला. "म्हंजे गाडी थंड असताना येतो. सस्पेंशन! डोळे झाकून सांगतो."

सस्पेंशनसाठी ते गुरुदत्तकडे गेले. गुरुदत्तचं गॅरेज सुकापूरच्या नाक्यावर. चाळिशीचा माणूस, कमी बोलायचा. कमळाकरांचा शेजारी असल्यामुळे त्याला तशी सवयच लागली होती. तो भल्या सकाळी थंड गाडी घेऊन कळंबोलीपर्यंत गेला आणि परत आला.

"काका, काय नाय."

"नीट ऐकलंस?"

"रेडिओ बंद केला, काचा बंद केल्या, श्वास बंद केला. काय नाय."

तरी कमळाकरांच्या आग्रहाखातर त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे रबरी बुश बदलले. दुसऱ्या दिवशी कळंबोली सर्कल, आणि टिक-टिक-टिक!

मग रोजचाच तो कार्यक्रम झाला. सर्कल आलं की कमळाकर मान डावीकडे वाकडी करून, एका कानाने रस्ता आणि एका कानाने गाडी सांभाळायचे. वेणू काहीतरी बोलायला जायची, "अवो, आज ना..." की हे हात वर करून म्हणायचे, "शूऽऽ! ऐकू दे!" वेणू गप्प व्हायची. आवाज मात्र गप्प व्हायचा नाही.

दहाव्या लाइटच्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. वेणूला घरी सोडून ते तडक सुशांतसरांकडे गेले. सरांचा क्लास भरात होता.

"तुमी मला आवाजाची गाडी विकली!" कमळाकर दारातूनच गरजले.

"कसला आवाज?"

"तेच विचारायला आलोय!"

फळ्यावर वर्तुळ अर्धं ठेवून सर खाली आले. कमळाकरांनी त्यांना शेजारी बसवून खारघरपर्यंत नेलं आणि परत आणलं. येता-जाता गाडी अशी चालली, की जणू काल शोरूममधून निघाली होती.

"काका, रागावू नका," सर उतरताना म्हणाले, "पण एकदा कान तपासून घ्या."

एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा अपमान झाला नव्हता! बटाट्यांच्या वेळीसुद्धा नाही! पण दिपिकाने तेच लावून धरलं आणि त्यांना पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डाव्या कानातून शेंगदाण्याएवढा मळ काढून त्यांना दाखवला. बाहेर आल्यावर जगाचा आवाज एकदम वाढला होता. रिक्षांचे हॉर्न डोक्यात शिरत होते. घरी आले तर शेजारच्या कुकरच्या शिट्टीने ते उडाले.

आणि दुसऱ्या दिवशी गाडीतला आवाज दुप्पट!

"आता पटलं?" ते वेणूला म्हणाले. "कान धड झाला तर आवाज जास्तच येतोय. म्हंजे बिघाड खरा हाय!"

वेणू समोरच्या काचेतून बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अवो, गाडी मध्येच बंद पडली, तर आजचा लाइट चुकंल ना?"

ती काळजीने विचारते आहे की आशेने, ते कमळाकरांना कळलं नाही. त्यांनी "शूऽऽ!" केलं.

शनिवारी लाइट नव्हता. कमळाकरांनी पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि जुनी चादर घेतली आणि अंगणात गाडी उघडायला बसले. पुढच्या सीटखालून दोन पेनांची टोपणं, एक कर्कटक आणि केसांच्या सात पिना निघाल्या. मागची सीट उपटली, तर खाली एका चण्याला मोड आलेले! चण्याचा टिक-टिक आवाज येत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. संध्याकाळपर्यंत सीट परत बसवायचा प्रयत्न केला. सीट आत जाईना, आणि तीन बोल्ट कुठले तेच आठवेना. रविवारही त्यातच गेला. शेवटी त्यांनी सीट ओट्यावर टेकवून ठेवली. शेजारच्या सखूबाई आल्या आणि तिच्यावर ऐसपैस बसून म्हणाल्या, "मऊ हाय हां! घरातच घेऊन टाका."

त्या संध्याकाळी वेणूने जेवण परत पाठवलं. पेज केली, तीही दोन घोट घेऊन बाजूला सारली. लाइटने कातडी काळवंडली होती, कपडा लागला तरी आग व्हायची. विचारलं की म्हणायची, "बरं हाय."

कमळाकर सीटवर जाऊन बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईला त्यांनी कुठे म्हणून नेलं नव्हतं. यार्डाच्या पाळ्या, ओव्हरटाइम, मग आईबापाचं दुखणं. आता न्यायची वेळ आली, ती कुठे, तर लाइटला! आणि त्यासाठी घेतलेली गाडी हायवेवर, ट्रेलरांच्या मधोमध, तिला घेऊन बंद पडली तर? अजून चौदा लाइट बाकी होते. ते उठले आणि गुरुदत्तकडे गेले.

"उद्या तू आमच्याबरोबर यायचं. आमी जातो तसं, त्याच वेळेला, तिघं."

"येतो. पण बसू कुठं? सीट तर ओट्यावर हाय."

"गोणपाट टाकतो!"

सोमवारी गुरुदत्त मागे गोणपाटावर मांडी घालून बसला. पहिल्या गतिरोधकाला त्याचं डोकं छताला लागलं, दुसऱ्याला कोपर.

"काका, हळू!"

"तू बोलू नको, ऐक!"

कळंबोलीचं सर्कल मागे पडलं. टिक. टिक-टिक.

"आला!" कमळाकर ओरडले. "आला ना? आता सांग, मी खोटं बोलतो?"

मागे गुरुदत्त पुढच्या दोन सीटांच्या मधे वाकला होता.

"गुरुदत्त! आला ना?"

"आला काका," गुरुदत्त हळूच म्हणाला.

"कुठनं येतोय?"

गुरुदत्त मागे सरकून बसला. मग म्हणाला, "तुमी चालवा. समोर बघा."

हॉस्पिटलला पोचल्यावर वेणू फाइल घेऊन आत गेली. लाइटच्या खोलीपर्यंत कोणाला सोबत सोडत नसत. कमळाकर पार्किंगमध्ये परत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हां, बोल. सस्पेंशनच ना?"

गुरुदत्तने पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत बोट दाखवलं. सीटबेल्ट अडकवायची खाच तिथे वर आलेली होती, पत्र्याच्या कडेची.

"काकी इकडं येताना ही मुठीत घट्ट धरून बसतात. हात थरथरतो. बांगड्या याच्यावर वाजतात."

"काय बोलतो!"

"मी खाली बसलो होतो काका. हात माझ्या नाकासमोर होता."

"गाडीच हलते. गाडी हलली की हात हलतो."

"गाडी एवढी नाय हलत."

कमळाकरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांचा आवाज चढला. "म्हंजे माझ्या ड्रायव्हिंगला घाबरते! एकतीस वर्षं एक ओरखडा नाय..."

"मग घरी जातानाही वाजल्या असत्या," गुरुदत्त म्हणाला. "तुमीच सांगता ना, परत जाताना काकी झोपतात."

कमळाकर गाडीला टेकले. बाजूला एक रुग्णवाहिका मागे मागे येत होती, तिचं पीप-पीप चालू होतं. त्यांना एकदम उकडायला लागलं. "अवो, आज ना..." असं वेणू रोज सर्कलपाशीच का म्हणायची, आणि पुढचं वाक्य काय होतं? त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. आता मुद्दाम विचारायची लाज वाटत होती.

"तिला ठावं नाय, हात हलतो ते?" त्यांनी विचारलं.

"नाय वाटत. त्यांचं सगळं लक्ष समोर होतं."

वेणू बाहेर आली. पदर सावरत, भिंतीच्या आधाराने. गाडीत बसता बसता तिने विचारलं, "सापडला का?"

कमळाकर खिशात किल्ली शोधू लागले. गुरुदत्त मागून म्हणाला, "सापडला काकी. करतो आजच. उद्यापासून नाय येणार."

"देव तुझं भलं करो," वेणू म्हणाली आणि कामोठ्याच्या आधीच झोपली.

दुसऱ्या दिवशी गाडीत मागची सीट होती. गुरुदत्तने संध्याकाळी येऊन ती दहा मिनिटांत बसवली होती आणि ते तीन बोल्टही. कमळाकरांनी त्या दिवशी कान वाकडा केला नाही. कळंबोली सर्कलला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. सर्कल संपलं, वेणूचा हात खाचेकडे सरकला, आणि कमळाकरांनी आपला डावा हात गिअरवरून काढून तो पकडला.

वेणू दचकली. "अवो, काय करता! लोक बघतील!"

"कोण बघतंय? ट्रेलरवाले?"

तिचा हात गार होता. मुठीत धरलेल्या चिमणीसारखा थरथरत होता. कमळाकरांनी तो आणखी घट्ट धरला. आता गिअर बदलायला हातच नव्हता! गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये, जिवाच्या आकांताने गुरगुरत, हायवेच्या डाव्या कडेने निघाली. मागे ट्रेलरांची रांग लागली. एकेक जण भोंगा वाजवत बाजूने जायचा आणि खिडकीतून काहीतरी म्हणून जायचा. जासईच्या यार्डातले दोन शब्द कमळाकरांनी लगेच ओळखले.

"गिअर तरी बदला!" वेणू म्हणाली.

"राहू दे."

"इंजिन फुटंल!"

"फुटू दे. तू काय सांगत होतीस? ते, 'आज ना'..."

वेणूने मोकळ्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "आज ना, नको जाऊया, असं वाटतंय."

"हूं," कमळाकर म्हणाले. "मनापण."

गाडी मात्र खारघरच्या दिशेनेच चालली होती. कामोठं गेलं. हळूहळू हात कोमट झाला, थरथर कमी झाली; थांबली नाही, पण कमी झाली. वळणावर वेणूने एकदम मान वर केली.

"अवो! आवाज बंद झाला की!"

"झाला ना?" कमळाकर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांची छाती जराशी फुगली.

"गुरुदत्तच्या हातात खरंच जादू हाय," वेणू म्हणाली. "एकदा बसला आणि काढलान शोधून! उद्या त्याला जवळ्याची चटणी आणि भाकऱ्या पाठवते. नायतर तुमी! पंधरा दिवस नुसतं शूऽऽ शूऽऽ!"