पडद्यावर आधी कोण

डेल्फिनाच्या थोरल्या मुलीचं लग्न पुरामुळे दोनदा पुढं ढकललं गेलं, त्याच वर्षी मागांगे गावात एका सिनेमाची पटकथा लिहून पुरी झाली. कपडे शिवणारी डेल्फिना आणि रेडिओवर मासळीचे भाव सांगणारा निकानोर, दोघं तीन वर्षं ती लिहीत होते. भांडण एकदाही नाही. मग बोगोताहून निर्मातीबाईंचं पत्र आलं, "लेखकांची नावं कोणत्या क्रमानं द्यायची? शुक्रवारपर्यंत कळवा," आणि दोघांचं बिनसलं.

"उगाच वाद कशाला बाई? आडनावं वर्णमालेप्रमाणं घालू," निकानोर साळसूदपणे म्हणाला.

तो बाराझा, म्हणजे त्यांच्या वर्णमालेत 'बी', दुसरंच अक्षर. डेल्फिना झांब्रानो, म्हणजे 'झेड', वर्णमालेत तिच्यामागं कुणी उरतच नव्हतं. पंचवीस वर्षांत शिवलेल्या एकाही झग्यावर तिचं नाव आलं नव्हतं. निदान इथं तरी ते पहिलं यावं, एवढीच तिची इच्छा होती.

"चालेल," ती म्हणाली आणि रागानं एक बाही उलटी जोडून बसली. ती उसवताना तिच्या लक्षात आलं, आपल्याला आईचंही आडनाव आहे की! तिनं कागदावर ठसठशीत लिहिलं: डेल्फिना आबेयो. अक्षर पहिलं.

निकानोरनं कागद पाहिला. "बापाला कुठं बुडवलंस?"

"नदीत. तुला काय करायचंय?"

"मग मी आजीचं लावतो. आबाद! आता ये माझ्या पुढं."

"आजीचं चालत नाही. माणसाला आडनावं दोनच."

"माझी आजी आहे, चालवीन नाहीतर पळवीन!"

ही पळापळ दुपारपर्यंत डेल्फिनाच्या वडिलांच्या कानावर गेली. एवारिस्तोबाबा शहाऐंशीचे, जन्मभर नदीवर तराफा चालवलेले, अक्षरं शिकले ते सत्तरीत. काठी आपटत आले.

"जिवंत बापाचं नाव गाळलंस, कार्टे?"

"सिनेमापुरतंच हो, बाबा."

"सिनेमा कशाचा आहे?"

"तराफ्यावर वळू चढतो, त्याचा."

"कुणाच्या तराफ्यावर चढला होता?"

डेल्फिना सुईत दोरा ओवू लागली.

"आणि पाद्रीबाबा पाण्यात पडले, ते?"

"तेही तुम्हीच सांगितलेलं," ती पुटपुटली.

"आणि शेवटी धक्क्यावर घेतलेला मुका?"

"तो माझा!" निकानोर उत्साहानं म्हणाला.

"तरीच. तेवढा काढून टाका."

मग म्हाताऱ्यांनी पेन मागितलं. जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरून त्यांनी स्वतःच वर लिहिलं: 'कथा: एवारिस्तो झांब्रानो.' एवढ्यानंच अर्धा कागद संपला. खाली डेल्फिनानं मुकाट्यानं बापाचं आडनाव लावलं. निकानोर बाराझा शेजारी आला. डावीकडं कोण, हे तेव्हा नाणं उडवून ठरलं. कौल डेल्फिनाला मिळाला, पण नाणं निकानोरचं असल्यामुळे तो आजही ते मान्य करत नाही.

सिनेमा गावात लागला तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. बाबांनी तो नऊ वेळा गाठला. दर वेळी ओठ हलवत नावांची पहिली ओळ पुरी वाचायचे आणि उठून घरी जायचे. वळू चढलेला त्यांनी कधी पाहिलाच नाही.

एवारिस्तो झांब्रानो सात मार्चला, शनिवारी सकाळी वारले.