एक्केचाळीस नंबरचा पालक

भैरेवाडीच्या शाळेत सातवीच्या वर्गात बटणं आणि दिवे जोडून केलेल्या खेळांची नावं हजेरीपटावर घालतात, आणि वर्षअखेरीला त्यांचीही परीक्षा होते. पास झालेला खेळ आठवीत जातो. नापास झालेल्याचे दिवे आणि तारा काढून पुढच्या वर्षीच्या मुलांना देतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

एक्केचाळीस नंबरचा खेळ शर्मिला मगदूम बाईंनी मुलांना नमुना म्हणून स्वतः केला होता. पुठ्ठ्याचा खोका, तीन दिवे, तीन बटणं. दिवा लागला की त्याच्याच रंगाचं बटण दाबायचं. चुकलं की घंटी वाजते आणि गडी बाद. तापाचं निमित्त होऊन बाई गेल्या, त्या दिवसापासून खेळ पेटेना. सेल बदलून झाले, तारा तपासून झाल्या. शेवटी हेडमास्तर चौगुले सरांनी बाईंच्या घरी रीतसर चिठ्ठी धाडली : ‘आपला पाल्य एकवीस दिवस वर्गात हजर राहूनही पेटत नाही. पालकांनी परीक्षेस समक्ष यावे.’

चिठ्ठी भरमूच्या हातात पडली. भरमू म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. वय एकोणीस, शाळा पाचवीतच सोडलेली, फरसाणाच्या भट्टीवर शेव पाडायचा. त्यानं अक्षर लावत लावत चिठ्ठी वाचली, झारा फेकला आणि तेलकट हातांनीच शाळा गाठली.

“त्याच्या तारा उपसायच्या न्हाईत!” तो दारातूनच ओरडला. “कोण हात लावतोय बघतोच!”

“पालकांनी आधी सही करावी,” चौगुले सर म्हणाले.

भरमूनं सही केली आणि तो खोक्यासमोर बसला. खोक्यावर ताईच्या अक्षरात ‘४१’ लिहिलं होतं. एकाच्या आकड्याचं शेपूट तिच्या सवयीनं लांब गेलेलं. त्यानं त्या शेपटावरून तेलकट बोट फिरवलं.

“तिच्यागतच आडमुठा हाईस,” तो खोक्याला म्हणाला. “पेट की आता.”

खेळ पेटला.

वर्गानं बाकं बडवली. परीक्षेला आलेले केंद्रप्रमुख हुपरीकर साहेब म्हणाले, “हजेरी मान्य. पुढचा प्रश्न, खेळ चुकलेल्याला बाद करतो का?”

प्रणोती नावाची मुलगी दुसऱ्याच दिव्याला बाद झाली. साहेब स्वतः बसले आणि पहिल्याच दिव्याला बाद झाले. मग पालकांची पाळी आली. घाबरलेल्या भरमूनं भलतंच बटण दाबलं. घंटी वाजली नाही. तोच दिवा पुन्हा लागला. तो पुन्हा चुकला. अकरा वेळा चुकला, तरी घंटी गप्प.

साहेबांनी पेन उघडलं. “खेळ सदोष आहे. चुकलेल्याला बाद करत नाही. नापास.”

“साहेब, बटण मला दाबता येईना,” भरमूचा आवाज फाटला. “त्यात त्याचा काय गुन्हा? मला करा की नापास!”

“पण साहेब, हे दादा कच्चा लिंबू आहेत,” प्रणोती उभी राहिली. “बाईंचे धाकटे भाऊ नव्हं का? धाकट्याला खेळात घ्यायचं असतं, पण बाद धरायचं नसतं. तुमच्या लहानपणी नव्हतं व्हय असं?”

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. “वय?”

“एकोणीस.”

“कच्च्या लिंबाला वयाची अट?” चौगुले सरांनी विचारलं.

हुपरीकर साहेबांना तीन थोरल्या बहिणी होत्या. त्यांनी बराच वेळ विचार केला. “बहीण थोरली असल्यास अट नाही,” ते म्हणाले, आणि तसंच कागदावर लिहून खाली ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारला.

भरमू एकदम हसला, आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागला.

अडचण एवढीच झाली, की त्याचा डाव संपेना, आणि डाव अर्धा सोडायची शाळेची रीत नाही. मागे रांग लागली.

“आउट व्हा की ओ दादा! आमची पाळी कधी यायची?”

“मी काय करू? होईना की!”

मधल्या सुट्टीत चौगुले सरांनी खिचडीचं ताट तिथंच आणून ठेवलं. भरमू उजव्या हातानं खिचडी खात राहिला, डाव्या हातानं बटणं दाबत राहिला. लाल दिवा लागला. त्यानं हिरवं बटण दाबलं. लाल दिवा पुन्हा लागला.