व्याह्यांचा पार्टनर

ब्रिज शिकायला मला आठ दिवस पुरतील, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा गुणमाला ज्वारी निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. मला राग आला. "आठ कशाला, चारच खूप झाले!" मी म्हणालो. अहो, पत्ते म्हणजे या जवाहरचा हातखंडा! मेंढीकोटात उभ्या गल्लीत मला कुणी हरवलेलं नाही. शिवाय पस्तीस वर्षं सांगलीत साड्यांचं दुकान चालवलंय. समोरच्या बाईला कुठली साडी हवी ते तिच्या आधी मला कळतं. ब्रिजमध्ये तरी दुसरं काय असतं? समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं, झालं!

हे खूळ या वयात का, तर प्राचीमुळे. प्राची आमची एकुलती लेक, साताऱ्यात दिलीय. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही भाऊसो चौगुले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांची बरीच नोकरी पाटणच्या पुढे, कोयनेच्या कॉलनीत झाली. तिथे पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसायची. त्यामुळे कॉलनीतली माणसं एक तर भांडायची, नाही तर ब्रिज खेळायची. भाऊसो आणि त्यांचे मित्र निकम दोन्ही एकदम करायचे. सव्वीस वर्षं दोघं पार्टनर! गेल्या दिवाळीनंतर निकम वारले आणि भाऊसोंनी पत्त्यांचा कॅट कपाटात ठेवून दिला.

मग एक दिवस प्राचीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"पप्पा, मामा दिवसभर गॅलरीत नुसते बसून असतात. अर्धी भाकरी खातात आणि उठतात. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. दोन महिन्यांनी इथल्या क्लबात स्पर्धा आहे, दरवर्षी जायचे. आता म्हणतात, पार्टनरच नाही. परक्या माणसाबरोबर ते बसायचे नाहीत. पप्पा, तुम्ही शिका ना!"

मी लगेच हो म्हणालो. लेकीनं एवढ्या वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही सासऱ्यासाठी!

दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी साताऱ्याला जायला लागलो. भाऊसोंनी कॅट काढला, फुंकर मारली आणि शिकवायला बसले. तुम्हाला ब्रिज माहीत नसेल तर दोन ओळींत सांगतो. समोरासमोरचे दोघं एका बाजूला. पानं टाकायच्या आधी बोली लावायची, की अमुक हुकूम असला तर आम्ही अमुक इतके हात करू. प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. इथवर सोपं! पण बोली हीच पार्टनरला पाठवायची चिठ्ठीही असते, आणि तिथे सगळा घोटाळा आहे. कारण चिठ्ठीत लिहिलेलं असतं एक आणि अर्थ असतो भलताच.

"समजा तुम्ही 'एक नो ट्रम्प', म्हणजे हुकमाशिवाय, म्हणालात," भाऊसो म्हणाले, "आणि मी 'दोन किल्वर' म्हणालो. तर माझ्याकडे किल्वर आहेत असं समजायचं नाही."

"मग म्हणता कशाला?"

"तो प्रश्न आहे, पावणं. तुमच्याकडे चार इस्पिक किंवा चार बदाम आहेत का, असं मी विचारतोय."

"मग सरळ विचारा की! आपल्यात काय परकेपणा हाय?"

भाऊसोंनी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर हा माझा जुनाच आजार. प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा भाऊसो म्हणाले होते, "लग्न साधंच करू, पावणं." मी शब्द धरून बसलो आणि दीडशे पानांचं सांगितलं. साताऱ्याहून दोन एसट्या आणि सात जीपगाड्या उतरल्या! त्या दिवसापासून गुणमाला म्हणते, तुम्हाला माणसाचं बोलणं नुसतं ऐकू येतं, कळत नाही.

बोलीपेक्षा अवघड होते ते टेबलाचे रीतिरिवाज. पार्टनरनं काहीही बोली लावली तरी चेहरा हलवायचा नाही. खोकायचं नाही, उसासा टाकायचा नाही, 'अरे वा' म्हणायचं नाही. इथे मी मेलोच! पस्तीस वर्षं समोरच्यानं काहीही उचललं की "झकास! तुम्हालाच शोभंल!" हे माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतंय. भाऊसोंनी "तीन चौकट" म्हटलं की मी "झकास!" म्हणालोच म्हणून समजा.

पण भाऊसो एका शब्दानं बोलायचे नाहीत. "असू दे, पावणं. होतं असं." मी एक्का वाया घालवला, "असू दे." मी त्यांच्या राजावर माझा हुकूम मारला, "असू दे, असू दे." निकमांबरोबर खेळताना यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा म्हणे! मला मात्र चहा, बिस्किटं आणि असू दे. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप. ते मला बोलायचे नाहीत आणि मी त्यांच्यापुढे खुर्चीत टेकून बसायचो नाही. खेळ संपला की ते पुन्हा गॅलरीत जाऊन बसायचे. भाकरी अर्धीच.

स्पर्धेचा दिवस उजाडला. क्लबाच्या हॉलमध्ये तेरा टेबलं, सव्वीस जोड्या. आमच्यासमोर वाईच्या सुलाबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आणि त्यांची नणंद. सुलाबाई चष्म्यावरून बघायला लागल्या की पाढे म्हणावेत असं वाटायचं. बोली तोंडानं नाही, डब्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवून लावायची, म्हणजे आवाजाचा चढउतारच नको. मला वाटलं, सुटलो!

पहिल्या डावाला भाऊसोंनी 'एक इस्पिक'चं कार्ड ठेवलं.

"झकास!" मी म्हणालो.

सुलाबाईंनी हात वर केला. स्पर्धेचा पंच पृथ्वीराज, सव्वीस-सत्तावीसचा तरुण, लगबगीनं आला. "काका, पार्टनरच्या बोलीला दाद द्यायची नसते. ही ताकीद. पुढच्या वेळी गुण कापणार."

मी तोंडावर रुमाल धरला. पण हातात बदाम असे सुंदर आले होते की राहवेना. त्यांच्या एक इस्पिकवर मी दोन बदाम ठेवले. ते म्हणाले दोन इस्पिक, मी तीन बदाम. ते तीन इस्पिक, मी चार बदाम! भाऊसोंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पास केलं. तीन हातांनी बुडालो.

"असू दे," भाऊसो म्हणाले, "तुमचे बदाम चांगले होते." पण आवाज गॅलरीतला होता.

चहाच्या सुट्टीत मी गुणमालाला फोन लावला आणि झालेलं सांगितलं. ती केवढ्यानं ओरडली!

"आवं, काय केलंसा हे! मुलाचा बाप हाय त्यो! चारचौघांत त्येंच्या शब्दावर तीन-तीनदा शब्द टाकलासा?"

"अगं, खेळात तसंच आसतं."

"खेळात आसंल, नात्यात न्हाई! आपली लेक हाय त्या घरात. आता त्येनी एक म्हणलं की तुमी दुसरं म्हणायचं न्हाई. कळलं?"

कळलं. वाचकहो, इथेच घात झाला. बाकीच्या पंचवीस जोड्यांत ही चूक कुणाला सुचली नसती, कारण त्यांच्यात दुसरा मुलीचा बाप आपल्या व्याह्यांसमोर बसला नव्हता.

पुन्हा टेबलावर आलो. मी पानं उचलली तर इस्पिकचा एक्का, राजा आणि वर आणखी दोन इस्पिक! बदाम-चौकटीची चित्रं तर रांगेनं. मोठ्या पानांचे एकूण सोळा गुण! मी 'एक नो ट्रम्प' ठेवलं. सुलाबाई पास. भाऊसोंचे डोळे किती महिन्यांनी चमकले. त्यांनी अलगद कार्ड ठेवलं. दोन किल्वर.

नणंदबाई पास. मला माहीत होतं, हा प्रश्न आहे. उत्तरही माहीत होतं, दोन इस्पिक! हात डब्याकडे गेला. आणि कानात गुणमाला बोलली, "त्येनी एक म्हणलं की तुमी दुसरं म्हणायचं न्हाई." पुन्हा त्यांच्यावर बोली? पुन्हा चारचौघांत? व्याही दोन किल्वर म्हणतायत, तर तेच शेवटचं! मी पासचं हिरवं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी, मान झुकवून त्यांच्यापुढे ठेवलं.

सुलाबाईंनी पटकन पास केलं, मी विचार बदलेन या भीतीनं.

म्हणजे ठरलं. हुकूम किल्वर! दोनची बोली म्हणजे सहावर दोन, असे आठ हात भाऊसोंनी करायचे आणि माझी पानं टेबलावर उघडी मांडायची. मी मांडली. माझ्याकडे किल्वर दोन, भाऊसोंकडेही दोन. उरलेली नऊ समोर! भाऊसोंची नजर माझ्या इस्पिकवर पडली. एक्का, राजा, आणखी दोन. त्यांच्या स्वतःच्या हातात राणी, गुलाम आणि आणखी दोन होते. स्पर्धेत तीच पानं प्रत्येक टेबलावर फिरतात; बाकीच्या बारा टेबलांवर लोकांनी इस्पिक हुकूम ठेवून आरामात डाव काढला, हे नंतर कळलं. आम्ही दोन हातांनी बुडालो.

शेवटचं पान पडलं. मी "असू दे"ची वाट बघत होतो.

"जवाहऱ्या, गाढवा!" भाऊसो गरजले. "इस्पिकचा एक्का-राजा उरावर घेऊन पास करतोस? डोस्कं हाय का भोपळा हाय रं तुझं? दोन म्हैने दगडाला शिकवलं आसतं तर त्यो दगड 'दोन इस्पिक' म्हणला आसता!"

सुलाबाईंचा चष्मा खाली सरकला. पृथ्वीराज धावत आला. "काका, पार्टनरशी असं बोलणं नियमात बसत नाही. दहा गुण कापतो."

भाऊसोंचा चेहरा पांढराफटक पडला. सुनेच्या बापाला, भर सभेत! त्यांनी पानं खाली ठेवली आणि उभं राहून हात जोडले.

"चुकलं, पावणं. जीभ घसरली. मला आता खेळायचा अधिकार नाही. चला घरी. कॅट कायमचा बंद."

ते आता गेले असते तर पुन्हा त्या गॅलरीतून उठले नसते. मी त्यांचे जोडलेले हात तसेच धरले.

"निकमांस्नी काय म्हणायचा?"

"काय?"

"आसं बुडल्यावर निकमांस्नी काय म्हणायचा ते सांगा."

भाऊसो घुटमळले. "रेडा," ते हळूच म्हणाले. "कधी कधी बिनशिंगाचा रेडा."

"मग मला गाढवावरच का सोडलंसा? मी काय परका हाय?"

भाऊसोंचे ओठ थरथरले. हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही कळत नसावं. मलाही माझा रुमाल डोळ्यांना लावावा लागला.

"बसा," मी म्हणालो. "आजून धा डाव हायत. शिव्या पुरवून वापरा."

ते बसले. पृथ्वीराजला मी बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, गुण कापायचेत तेवढे कापा, पण ह्यांना बोलू द्या." त्यानं खरोखरच कापले. आम्ही सव्वीस जोड्यांत सव्विसावे आलो. पंचविसाव्या जोडीत एकाला मोतीबिंदू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत चहा पीत होतो, तेवढ्यात प्राचीचा फोन.

"पप्पा, काय केलंत काल? मामा घरी आले, दिवस मावळायच्या आत जेवायला बसले आणि जेवण होईपर्यंत तुम्हाला शिव्या देत होते! अडीच भाकऱ्या खाल्ल्या! येत्या रविवारी तेच सांगलीला येतायत, तुम्हाला पहिल्यापासून शिकवायला." आणि लेक फोनवर हसता हसता रडायला लागली.

गुणमालानं सगळं ऐकलं होतं. तिनं कप खाली ठेवला. "गाढव म्हणले? सगळ्यांसमोर? द्या, मला लावून द्या त्येंचा फोन." एवढं जुळलेलं आता मोडतंय! पण बायकोपुढे कुणाचं काय चालतं? दिला लावून.

"पावणं," गुणमाला पदर सावरून म्हणाली, "रविवारी जेवायलाच या. आनि गाढवावर भागत न्हाई बघा त्येंचं. मी तुमाला आजून चार शब्द सांगते. पस्तीस वर्सं वापरून बघितल्याली हायत!"