पातेल्यातलं कवच

सुनेचं रबरी कवच उकळून काढायचं, असं मी सकाळी भांडी आवरता आवरता ठरवलं. एवढंच. त्यात एक दात गेला.

सून ऑफिसच्या संघातून हॉकी खेळते. खेळताना दातांवर बसवायला डॉक्टरांनी तिच्या मापाचं कवच करून दिलं होतं. आता तोंडात जाणारी वस्तू नुसती विसळून भागतं? मी दोन मुलं वाढवली ती बाटल्या उकळून. (शाळेचं तोंड पाहिलं नाही, पुड्यांचे कागद वाचून शिकले. म्हणून मला कोणी शिकवलेलं खपत नाही.) टाकलं चहाच्या पातेल्यात. झाकण काढलं तर कवच वाळल्या सालीसारखं आक्रसलेलं!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सुनेपुढे ‘चुकले’ म्हणायचं? मी? गुपचूप डबीत ठेवलं आणि दुपारी त्याच पातेल्यात दोघींचा चहा करून तिच्याबरोबर मॅचला गेले.

मैदानावर तिने डबी उघडली. “आई, ह्याला काय झालं?”

“थंडीने आखडलं असेल. खेळ तशीच. दात काय रोज पडतात?”

रोज नाही पडत. त्या दिवशी पडला. चेंडू उसळला तो थेट तोंडावर. पुढचा दात गवतात. मीच शोधून काढला.

कोच लांबून ओरडला, “आजी, मुळाला हात लावू नका! दुधात टाका!”

“मातीत पडलेला दात दुधात? मला नको शिकवूस!” म्हणत मी नळाखाली धरला आणि रुमालाने खसाखसा घासला. मोती केला मोती.

दातांच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला. “एवढा लख्ख कोणी केला?”

“मी,” मान ताठ करून मी.

“मुळावरची सालच खरवडलीत हो. तिच्या जोरावर तर दात पुन्हा धरतो.”

“राहू द्या, डॉक्टर,” तोंडाशी रक्ताचा रुमाल धरून सून म्हणाली. “आईंनी मायेने घासला.”

तिथे माझी मान खाली गेली ती गेलीच. पातेल्याचंही ओकून टाकलं.

“तरीच,” ती म्हणाली, “चहाला रबराचा वास होता.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बेसिनवरच्या फळीवर दोन वाट्या असतात. एकीत माझी कवळी, दुसरीत तिचा खोटा दात. तिचं वय चौतीस. बघवत नाही. कवचाच्या डबीत सूचनांचा कागद होता. घरात आलेला तेवढा एकच कागद मी कधी वाचला नाही.

आता वाचायची सोय झालीय. तिच्या वाटीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, मला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत: ‘आई, उकळू नका.’