ओलं धुराडं

कसलंही यंत्र माझ्या हाती आलं की सुतासारखं सरळ होतं. हे मी नाही म्हणत, परळच्या आमच्या गिरणीत सगळेच म्हणतात. निदान मी समोर असताना तरी म्हणतात. इंजिन खात्यातला जुना फिटर मी. वाफेची गळती कुठे आहे ते मी दाराबाहेरून सांगतो. त्यामुळे एका रविवारी माझा मेहुणा दौलत रडवेलं तोंड घेऊन आमच्या घोडपदेवच्या खोलीत शिरला, तेव्हा मी चहाची बशी खाली ठेवली आणि डॉक्टरसारखं विचारलं, "बोल, काय बिघडलंय?"

"माझं लग्न," दौलत म्हणाला.

दौलतचा स्वतःचा मचवा आहे. भाऊच्या धक्क्यावरून समुद्रापलीकडे मोऱ्याला, त्याच्या गावी, उतारू नेतो. वर्षानुवर्षं शिडावर चालणारा चांगला शांत मचवा, पण इतरांनी बसवलं म्हणून यानेही डिझेल इंजिन बसवलं. त्याचं धुराडं म्हणजे फळीतून सरळ वर काढलेलं एक लोखंडी नळकांडं. त्यातून असा आवाज निघे की उतारू एकमेकांशी खुणांनी बोलत, आणि अशी काजळी उडे की धक्क्यावर पांढरी टोपी घालून चढलेला माणूस मोऱ्याला काळी टोपी घालून उतरे.

"पुढच्या रविवारी शेवंतीचे आईवडील घर बघायला येतायत," दौलत म्हणाला. "माझ्याच मचव्यातून."

"मग दुसऱ्या कुणाच्या मचव्यातून ने," माझी बायको नलू म्हणाली.

"स्वतःचा मचवा असताना? ताई, मुलगी देतील का मग?"

तेही खरंच होतं. त्यातून शेवंतीचे वडील गुणाजी म्हणजे साधी असामी नव्हे. नायगावच्या चाळीत राहणारे, गिरणीत मागावर कापड विणणारे साचेवाले, संयुक्त महाराष्ट्राच्या एकूण एक मोर्चात पुढे. लाठ्या खाल्लेल्या, अश्रुधूर प्यालेला, तुरुंगही बघितलेला. सुटून आल्यापासून ते पांढऱ्या कपड्यांशिवाय काही घालत नसत. त्यांच्या पत्नी सुंदराबाई तर त्यांच्याहून कडक. त्यांच्या चाळीत नळावर भांडण झालं की निवाडा त्यांचाच.

"भावजी," दौलत खाली मान घालून म्हणाला, "मला शेवंतीच पाहिजे. ती नसेल तर मला लग्नच नको."

नलूने माझ्याकडे पाहिलं. बायको अशी पाहते तेव्हा नवऱ्याने काहीतरी मोठं बोलायचं असतं.

"हात्तिच्या," मी म्हणालो. "तुला ओलं धुराडं लावून देतो."

मग मी दोघांना बसवून समजावलं. इंजिनाचा धूर निखाऱ्यासारखा तापलेला असतो. इंजिन थंड ठेवायला पंप समुद्राचं पाणी ओढतच असतो. त्यातलंच थोडं पाणी वळवून धुराच्या पाईपात सोडायचं. धूर निवतो, काजळी पाण्यात बसते, आवाज दबतो, आणि सगळं मिळून मचव्याच्या पाठीमागून पाण्यालगत बाहेर पडतं. लोखंडी पाईप खाऱ्या पाण्याने सडेल, तांब्याचा आपल्याला परवडणार नाही, तेव्हा जाड रबरी पाईप घ्यायचा. पाणी वाहतंय तोवर रबराला काही होत नाही. आणि पाईप आधी वर चढवून मग खाली उतरवायचा, म्हणजे लाटेचं पाणी उलटं इंजिनात शिरत नाही.

"म्हणजे धूर धुवायचा," नलू म्हणाली.

मी एवढा घसा कोरडा करून जे सांगितलं ते हिने तीन शब्दांत उरकलं, म्हणून मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दारूखान्यात जुनी जहाजं मोडतात, तिथून मी रबरी पाईप आणला. पाणी कमी-जास्त करायला एक तोटी हवी होती. काळी, ओबडधोबड लोखंडी तोटीही चालली असती, पण माझी नजर एका पितळी तोटीवर खिळली. चिंच लावून घासली तेव्हा देवघरात ठेवावी अशी झळाळली. खरं तर तिची जागा फळीखाली, इंजिनाशेजारी. पण कारागिरी लपवून ठेवायची कशाला? मी ती वर काढली, उतारूंच्या बाकाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.

चाचणीच्या दिवशी दौलतने इंजिन फिरवलं. धाडधाड कुठे गेली कोण जाणे, नुसतं गुळगुळ, गुळगुळ, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखं. पाठीमागून धूर आणि पाणी एकदम भदाभदा बाहेर पडायला लागलं. शेजारच्या मचव्यावरचा भिवा ते पाहून "दौलत, फुटला रे तुझा मचवा!" म्हणून ओरडला आणि बादली घेऊन आमच्या मचव्यात उडी मारून पाणी उपसायला लागला. आत पाणी नव्हतंच, त्यामुळे त्याने माझा चहा उपसला.

दौलतने मला मिठी मारली. मला वाटलं, आता दर्यात आपलंही नाव झालं.

रविवारी गुणाजी आणि सुंदराबाई धक्क्यावर आले. गुणाजी नखशिखांत पांढरे. नलूही नटूनथटून बरोबर. मचवा निघाला. गुणाजींनी टोपी काढून पाहिली. पांढरी होती. पुन्हा काढून पाहिली, तरी पांढरीच. त्यांनी समाधानाने मान हलवली. सुकाणूवर बसलेला दौलत शेवंती समोर बसल्यासारखा लाजला.

मग मला राहवेना. मी गुणाजींना मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे नेलं आणि धुराड्याची कथा सुरू केली. रंगात आलो की मी मागे बघत नाही. मी पाईपाचं वळण समजावत होतो, इतक्यात गुणाजी म्हणाले, "काहीतरी जळतंय."

"छे," मी म्हणालो, "या पद्धतीत जळणं शक्यच नाही."

मागे वळलो तर फळ्यांतून काळाकुट्ट धूर वर येत होता. रबर जळल्याचा असा घाण वास, की नाकातले केस उभे राहावेत. धूर सगळ्या मचव्यावर पसरला. नलू खोकत होती, सुंदराबाई खोकत होत्या, आणि मी, गिरणीतला जुना फिटर, "असं कसं, असं कसं" करत गोल फिरत होतो.

पण गुणाजी! धूर पाहताच त्यांच्यात मोर्चा संचारला.

"पळू नका! खाली बसा! रुमाल ओला करून डोळ्यांवर धरा!"

आम्ही सगळे मुकाट्याने खाली बसलो. समुद्रात रुमाल बुडवून डोळ्यांवर धरले. गुणाजींनी एका हाताने टोपी दाबली, दुसरी मूठ वर केली आणि आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" बाजूने चाललेल्या मचव्यातले सगळे उतारू ओरडले. आम्ही कशासाठी बसलोय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दौलतने तेवढ्यात इंजिन बंद केलं होतं. सुकाणू पायाने धरून त्याने एकट्याने शीड चढवलं. वारा भरला, धूर मागे राहिला आणि मचवा पुन्हा पूर्वीसारखा शांतपणे चालायला लागला.

मी फळी उचलून पाहिली. रबरी पाईप वितळून लोंबत होता. मग माझं लक्ष पितळी तोटीकडे गेलं. तोटी घट्ट बंद होती.

"ही कोणी बंद केली?" मी विचारलं.

"मी," सुंदराबाई ताठ बसून म्हणाल्या. "केव्हाची बघतेय. तिकडे पाणी भदाभदा वाहून चाललंय आणि कुणाला त्याचं काही नाही. तोटी दिसली, बंद केली."

"अहो बाई, समुद्राचं पाणी ते! संपणार आहे का?"

"पाणी ते पाणी," सुंदराबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पहाटे घटकाभर नळ येतो, पाव्हणे. वाहती तोटी बघवत नाही मला."

मी दौलतकडे पाहिलं. त्याचा चेहरा काजळीने काळा आणि खालून पांढराफटक. गुणाजींच्या धोतरावर तर ओळखायला पांढरा डाग शोधावा लागत होता. सगळं संपलं, असं मला वाटलं आणि पोरासाठी मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या हौसेपायी त्याची शेवंती गेली होती.

मोरा दिसायला लागला तसे गुणाजी उठले आणि दौलतसमोर उभे राहिले.

"अश्रुधुरात मी भले भले पळताना पाहिलेत," ते म्हणाले. "तू सुकाणू सोडलं नाहीस. मुलगी दिली."

पळणार कुठे? चहूकडे समुद्र होता. पण हे मी बोललो नाही. दौलत त्यांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण तो रडत होता.

लग्न झालं. वऱ्हाड मोऱ्याला न्यायचं होतं, म्हणून मी नवा पाईप बसवला आणि या वेळी कुणी तोटीला हात लावू नये म्हणून स्वतः तिच्याशेजारी बसलो. चढणाऱ्या प्रत्येकाला मी बजावत होतो, "ही बंद करायची नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही."

मचवा निघाला. ताशा वाजत होता. शेवंती दौलतशेजारी बसली होती, आणि मागे पाणी भदाभदा वाहत होतं. मी ते बघत बसलो. किती पाणी ते! कुणाच्या दोन घागरी सहज भरल्या असत्या. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं. पाहतो तो सुंदराबाई, आणि माझा हात तोटीवर.

"राहू द्या, पाव्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "समुद्राचं पाणी आहे. संपणार नाही."