पाच मागे, एक पुढे

रूडी हिल्टुनेनने नव्या इंजिनाचा शेवटचा बोल्ट आवळला, तेव्हा व्याही यायला जेमतेम तासभर उरला होता, आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर गुडघाभर बर्फ साचला होता. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा आणखी ओतायच्याच बेतात होता. मुलीचे, क्रिस्टाचे, होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी जेवायला येत होते.

बर्निस केकचं ताट घेऊन गॅरेजमध्ये आली. फ्रिजमध्ये जागा उरली नव्हती आणि गॅरेज फ्रिजहून गार होतं. तिने ब्लूबेरीचा केक भिंतीकडेच्या बाकावर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"रूडी, समोरच्या एल्सवर्थला हाक मार. त्याच्या ट्रकला बर्फ लोटायचा फाळ लावलेला आहे. एका फेरीत वाट मोकळी करून देईल."

"व्याह्यांच्या देखत परक्याच्या ट्रकने माझी वाट साफ करायची?"

"आणि व्याही रस्त्यातच रुतून बसले तर?"

"बर्निस, घाई करू नकोस. मशीन तयार आहे."

हे मशीन, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र, रूडीच्या मामाचं. त्यांच्या लग्नापेक्षा जुनं. थंडीच्या सुरुवातीलाच त्याच्या इंजिनाने असा काही प्राण सोडला की बाजूला मूठ जाईल एवढं भोक पडलं. "आता नवीन मशीन घे," असं बर्निस म्हणाली, तेव्हा मामालाच घराबाहेर काढायला सांगितल्यासारखा रूडीचा चेहरा झाला होता. त्याने फक्त इंजिन नवीन आणलं. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. जुन्याला दोन दांडे होते, एक बर्फ कापणारी पाती फिरवायचा आणि दुसरा चाकं. नव्याला एकच होता. रूडीने पाती आणि चाकं फिरवणारे दोन्ही पट्टे त्याच्यावर चढवले आणि स्वतःच्या डोक्याला दाद दिली. जुना चाकांचा दांडा मुळात उलटा फिरत असे, एवढी बारीकशी गोष्ट मात्र लक्षात यायची राहून गेली.

इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. "बघ!" तो ओरडला आणि रुबाबात दुसरा गिअर टाकला.

मशीन पुढे जायच्या ऐवजी थेट त्याच्या अंगावर आलं. रूडी मागे सरकला, मशीन आणखी मागे आलं. शेवटी भिंत लागली, भिंतीआधी बाक लागला आणि बाकावर केक होता. रूडी बसला.

रूडीने बसल्या बसल्याच इंजिन बंद केलं.

"ऊठ," बर्निस म्हणाली. "नाही, थांब. हळू ऊठ. एका कडेचा वाचला असेल तर बघते."

वाचला नव्हता.

पँट बदलता बदलता रूडीच्या डोक्यात प्रकाश पडला. चाकं उलटी फिरतायत. म्हणजे पुढचे पाचही गिअर आता मागे जाण्याचे, आणि मागचा जो एकुलता एक, तो पुढे जाण्याचा. मग बिघडलं कुठे? बर्फ काढायला पुढे जाणारा एक गिअर पुरे!

"रूडी, एल्सवर्थला..."

"तू मांस-बटाट्याच्या पेस्टी ओव्हनमध्ये घाल. मी आलोच."

आणि खरंच, मशीन चाललं. मागचा गिअर टाकताच ते ऐटीत पुढे निघालं आणि वरच्या नळकांड्यातून असा काही बर्फ फेकू लागलं की एल्सवर्थच्या अंगणातला पक्ष्यांच्या दाण्याचा डबा त्याखाली दिसेनासा झाला. रूडी गाणं गुणगुणत रस्त्यापर्यंत पोचला. तेवढ्यात वळणावर निळी गाडी दिसली. व्याही! व्याही लिओ बोशां यांनी हात हलवायला खिडकीची काच खाली घेतली होती.

गाडीला वाट द्यायला रूडीने मशीन मागे घ्यायचं ठरवलं. आता चाळीस वर्षांची हाताची सवय ती! मागे जायचं म्हणून हाताने तोच मागचा गिअर आणखी जोरात दाबला. मशीन पुढेच निघालं. रूडी घाबरून आणखी दाबू लागला. ते वाकडं झालं, नळकांडं गाडीकडे वळलं, आणि उघड्या खिडकीतून बर्फ आत जाऊ लागला. रूडीने किल्ली उपटून काढली तोवर व्याह्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

दारात बर्निसने तोंडावर हात ठेवला. 'मोडलं लग्न,' तिच्या मनात आलं.

लिओ बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला. रूडीकडे न बघता ते मशीनपाशी वाकले.

"दोन्ही पट्टे एकाच दांड्यावर चढवलेत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" रूडीचा आवाज खोल गेला होता.

"मीही हेच केलं होतं. आमच्या शेजाऱ्याचं कुंपण गेलं."

"कुंपणामागे शेजारीही होता, तेही सांगा की!" कॉलरमधला बर्फ काढत विहीण इव्हेटबाई गाडीतून म्हणाल्या.

लिओंनी डिकी उघडली. "क्रिस्टा म्हणाली, बाबांना फुलंबिलं नकोत. म्हणून हे आणलं." घोंगडीखाली गंजकं इंजिन होतं. दोन दांड्यांचं.

रूडीचे डोळे भरून आले. "चालतं?"

"छे! कैक वर्षं बंद आहे. पण आपण दोघं बसलो तर..."

पेस्टी गार झाल्या. बर्निसने गॅरेजच्या दाराशी जाऊन जेवायला हाक मारली. मशीनखालून दोन आवाज एकदमच आले, "आलोच!" मग तिसरा आला, "आई, मी पाना धरलाय!" तो क्रिस्टाचा होता.

"तुम्ही वाढा हो, विहीणबाई," इव्हेटबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "त्यांचं 'आलोच' मला ठाऊक आहे. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलेलीच नाही."

बर्निसने त्यांच्या ताटात पेस्टी वाढली. मग जरा चाचरत विचारलं, "मुलगा... तो नाही ना वडिलांवर गेला?"

"छे हो! त्याला यातलं काडीचं कळत नाही."

बर्निसने सुटकेचा निःश्वास सोडला.

"त्याला नाद होड्यांचा," इव्हेटबाई पेस्टीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "मोडक्या होड्या आणतो. सध्या तीन आहेत. लग्नानंतर ठेवायच्या कुठे, एवढाच प्रश्न आहे." त्यांनी मान उंच करून खिडकीबाहेर पाहिलं. "तुमचं परसदार मात्र चांगलं ऐसपैस आहे हो!"